'नस कमजोर' म्हणजे नेमकं काय?

मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यावी, यावर मागच्या अंकात प्रश्नोत्तरं छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच निनावी होती. पायांचा विषय त्यांत पहिल्या दोन ओळींत आटपलेला, खरा प्रश्न, लिंगाच्या ताठरतेचा आणि लैंगिक तक्रारींचा, तिसऱ्या ओळीपासून सुरू. म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्या तिसऱ्या ओळीला दिलं आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. उत्तरं मधुमेहतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: वय 52, डायबिटीस नऊ वर्षांपासून. गेलं दीड वर्ष ताठरता येते, पण टिकत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, "वय झालं, टेन्शन घेऊ नका." मित्र म्हणतो, नस कमजोर झाली. म्हणजे नेमकं काय झालं? छातीत वगैरे काही त्रास नाही. (लालबाग)

उत्तर: मराठीत 'नस' हा शब्द मोठा सोयीचा आहे. रक्तवाहिनी ती नस आणि मज्जातंतू तीही नस. एरवी आम्ही डॉक्टर या घोळावर वैतागतो, पण मधुमेहात तुमच्या मित्राचं म्हणणं चुकून बरोबर निघतं. दोन्ही प्रकारच्या नसा बिघडतात, आणि बहुधा जोडीनेच.

लिंगात लांबीच्या दिशेने स्पंजासारखे दोन दंडगोल असतात. एरवी त्यांतले बारीक स्नायू आवळलेले असतात आणि रक्त जेमतेम फिरत असतं. इच्छा झाली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. स्नायू सैलावतात, धमन्या रुंदावतात, स्पंज रक्ताने भरतो. फुगलेला स्पंज बाहेरच्या चिवट आवरणाला जाऊन भिडला की रक्त परत नेणाऱ्या शिरा मधल्या मध्ये चेपल्या जातात आणि रक्त आत अडून राहतं. शरीरातल्या या वायूच्या कामाचा शोध लावणाऱ्या तिघांना 1998 साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. ती शोधली जात होती हृदयाच्या दुखण्यासाठी, उपयोगी पडली भलतीकडेच.

वर्षानुवर्षं वाढलेली शुगर सर्वांत आधी त्या अस्तराला खाते. अस्तर वायू कमी बनवतं, धमनीची भिंत ताठर होते, आणि मज्जातंतूंकडून येणारा निरोपही क्षीण होत जातो. तुमचं 'येते पण टिकत नाही' हे बऱ्याचदा त्यामुळेच असतं. स्पंज पुरता भरतच नाही, मग शिरा चेपल्या जात नाहीत आणि आलेलं रक्त निघून जातं.

आता छातीबद्दल. लिंगातल्या धमन्यांचा व्यास साधारण 1 ते 2 मिलिमीटर असतो, हृदयाच्या धमन्यांचा 3 ते 4, मांडीतल्या मुख्य धमनीचा त्याहून बराच मोठा. चाळीत पाण्याचा दाब उतरला की आधी वरच्या मजल्यावरचा नळ करंगळीएवढा होतो, तळमजल्यावरच्यांना अजून पत्ताही नसतो. तसंच हे. ताठरतेची तक्रार आणि हृदयाची पहिली तक्रार यांत साधारणपणे दोन ते पाच वर्षांचं अंतर आढळतं. त्यातून मधुमेह्यांच्या हृदयाचे मज्जातंतूही बधिर झालेले असू शकतात. त्यांना हार्ट अटॅकसुद्धा कधी कधी फक्त धाप, घाम आणि गळून गेल्यासारखं वाटणं एवढ्यावरच जाणवतो. तेव्हा 'छातीत काही त्रास नाही' या वाक्याने तुम्ही निश्चिंत व्हा, आम्ही होणार नाही.

'वय झालं' हे उत्तर आम्हाला पटत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये 40 ते 70 वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली होती, ती 1994 साली प्रसिद्ध झाली. त्यात ताठरता मुळीच न येण्याचं प्रमाण एकूण पुरुषांत सुमारे 10 टक्के होतं आणि मधुमेहाचे उपचार चालू असलेल्यांत 28 टक्के. वय सर्वांचंच होतं, फरक पडला तो शुगरने.

तर गोळी मागण्याआधी हे करून घ्या. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी. बहुतेकांसाठी 7 च्या खाली हवी. लिपिड प्रोफाइलमधलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली, हृदयविकार असेल तर 55 च्या खाली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण, सकाळच्या एकाच नमुन्यावर होतं. 30 च्या वर गेलं तर बारीक रक्तवाहिन्या मूत्रपिंडातही गळायला लागल्या असं समजायचं. ही तपासणी लोक हमखास टाळतात, वास्तविक अस्तराची बातमी इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. बीपी 130/80 च्या आत हवं, पण ते बसून एकदा मोजून भागत नाही. पाच मिनिटं आडवं पडून मोजायचं, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, किंवा बसल्या जागी नाडी सतत 100 च्या वर असली, तर नाडी आणि बीपी आपोआप सांभाळणारे स्वयंचलित मज्जातंतू बिघडल्याची शंका घ्यायची. ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदयाच्या धमन्या मोकळ्या, असा अर्थ होत नाही. ट्रेडमिलवरची टीएमटी करायची का, ते डॉक्टर ठरवतील.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासायचं तर सकाळी 7 ते 11 च्या दरम्यान, उपाशीपोटी. संध्याकाळी ऑफिसातून येताना रक्त दिलं तर आकडा खोटा कमी येतो. 300 नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय इंजेक्शन सुरू करू नये. इच्छाच होत नसेल तर ही तपासणी महत्त्वाची. इच्छा शाबूत असून नुसती ताठरता जात असेल तर दोष बहुधा नळ्यांचा आणि तारांचा.

आणि पायमोजे काढून पाय दाखवा. रात्री चालताना पायातली चप्पल निसटते आणि दोन पावलांनी कळतं, असं होतं का? दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबतात आणि तुम्ही डोळे मिटून 'लागलं' म्हणायचं, एवढीच ती परीक्षा. पायाचे मज्जातंतू गेले असतील तर कंबरेखालचे इतर तंतूही त्याच वाटेवर असतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि जेवण शाकाहारी असेल तर बी12 तपासा. त्याची कमतरता मधुमेहासारखीच नसा बधिर करते, आणि ती भरून काढता येते.

प्रश्न: ह्यांचं वय 56. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, डायबिटीस आहेच. पाकिटात सॉर्बिट्रेट कायम असते. परवा कपडे धुवायला काढताना पँटच्या खिशात चार गोळ्यांची पट्टी मिळाली, दोन संपलेल्या. केमिस्टला विचारलं तर तो नुसता हसला. मी घाबरले आहे. ह्यांच्याशी बोलू कसं? (मुलुंड)

उत्तर: घाबरण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती आधी सांगतो. सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, हे नायट्रेट आहे. तीही शेवटी तोच नायट्रिक ऑक्साइड वायू वाढवते, आणि पँटच्या खिशातली गोळी बहुधा ताठरतेची असणार, ती त्या वायूचा परिणाम लांबवते. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी असं कोसळतं की जीव जाऊ शकतो. पट्टीवरचं नाव वाचा. सिल्डेनाफिल असेल तर ती घेतल्यापासून 24 तास आणि टाडालाफिल असेल तर 48 तास जिभेखालची गोळी चालणार नाही. रोजच्या गोळ्यांत आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट किंवा निकोरँडिल असेल तर ही गोळी मुळीच घ्यायची नाही. अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या चिठ्ठीवर निकोरँडिल बरेचदा असतं आणि ते यात मोडतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आपल्याकडे आणखी एक धोका असतो तो शेजाऱ्यांचा. छातीत दुखतंय म्हटलं की शेजारचे काका प्रेमाने स्वतःच्या खिशातली सॉर्बिट्रेट काढून तोंडात घालतात. ह्यांनी ही गोळी घेतलेली असेल आणि छातीत दुखू लागलं तर सॉर्बिट्रेट द्यायची नाही. बसवायचं, 108 ला फोन करायचा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वाजता. लाजेपायी हे वाक्य गिळलं, तर समोरचा डॉक्टर नेहमीप्रमाणे नायट्रेटच सुरू करील.

बोलताना पट्टी हातात घेऊन उलटतपासणी करू नका. "ही आणि पाकिटातली एकत्र चालत नाही, डॉक्टरांना विचारून येऊ," एवढं पुरे. पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा. सॉर्बिट्रेटची यांना खरंच गरज उरली आहे का? स्टेंट घातल्यावर वर्षानुवर्षं ती केवळ सवयीने पाकिटात राहिलेली असते, पण ती बंद करायची की नाही ते तेच ठरवतील. दुसरं, संबंध ठेवायला हृदय तयार आहे का? त्याला लागणारे श्रम दोन जिने एका दमात चढण्याइतके असतात. स्टेशनचा पूल न थांबता, न दुखता चढता येत असेल तर सहसा हरकत नसते. मधेच कठडा धरून उभं राहावं लागत असेल तर आधी हृदयाची तपासणी, बाकीचं मागाहून. नायट्रेट चालू नसेल आणि प्रकृती स्थिर असेल तर अँजिओप्लास्टी झालेल्यांनाही ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते.

केमिस्टच्या हसण्याबद्दल: ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायला कायद्याने मनाई आहे. हसण्याऐवजी त्याने "सॉर्बिट्रेट घेता का?" एवढं विचारलं असतं तरी काम झालं असतं.

प्रश्न: वय 45, डायबिटीस पाच वर्षं. सिल्डेनाफिल 50 चारदा घेऊन पाहिली. एकदा थोडा फरक वाटला, तीनदा काहीच नाही. कंपनी बदलू की दोन घेऊ? (भांडुप)

उत्तर: दोन्ही नको, आधी घड्याळ बघू. सातला लोकलमधून उतरून घरी, नऊला जेवण, रविवार असेल तर मटण. दहाला गोळी, साडेदहाला दिवे बंद, पावणेअकराला निराशा. पत्रात वेळ लिहिलेली नाही, पण असं सांगणारे इतके भेटतात की तुमचंही थोड्याफार फरकाने हेच असावं.

सिल्डेनाफिल भरल्या पोटी, विशेषतः तेलातुपाच्या जेवणावर घेतली तर रक्तात पोचायला सुमारे तासभर उशीर होतो आणि जोरही कमी पडतो. तुमच्या वेळापत्रकात ती कामाला लागते तेव्हा तुम्ही कूस बदलून झोपलेले असता. साडेसात-आठला हलकं जेवा, दोन तास जाऊ द्या, दहाला गोळी, अकराच्या पुढे संबंध. परिणाम चार-पाच तास राहतो, घाई नाही. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेत असाल तर सिल्डेनाफिलच्या सोयीसाठी जेवण पुढे ढकलू नका, शुगर एकदम खाली जाईल. संबंध हाही व्यायामच आहे. मधेच थंड घाम, थरथर, धडधड सुरू झाली तर ती उत्कटता समजू नका, शुगर मोजा.

दुसरी चूक वाट बघत बसण्याची. गोळी ताठरता आणत नाही. इच्छेने आणि स्पर्शाने सुटलेला वायू जे काम करतो, ते ती टिकवून धरते. टीव्हीवर बातम्या बघत 'कधी होतंय' म्हणून थांबलात तर रात्रभर काही होणार नाही.

हे सगळं जमवून निदान सहा ते आठ वेळा प्रयत्न झाल्याशिवाय गोळी नापास म्हणू नये. तेवढ्यानेही भागलं नाही तर 100 मिलिग्रॅमपर्यंत वाढवता येते, पण डॉक्टरांनी. दिवसातून एकदाच. मूत्रपिंड मंदावलं असेल किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखं औषध चालू असेल तर सुरुवात 25 पासून.

नाहीतर टाडालाफिल. तिला जेवणाशी देणंघेणं नाही, आणि 10 किंवा 20 मिलिग्रॅमचा परिणाम 36 तासांपर्यंत राहतो. शनिवारी संध्याकाळी घेतलेली रविवारीही उपयोगी पडते. रोज 5 मिलिग्रॅम अशीही देतात, त्यात घड्याळाचा तगादाच उरत नाही. आमचा कल मधुमेह्यांसाठी याकडे जास्त आहे, कारण ठरवून केलेल्या प्रयत्नात धास्ती असते आणि धास्तीत धमन्या आवळतात. दोन्ही गोळ्या एकाच दिवशी घेऊ नका. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं दोन्हींत होतं. सिल्डेनाफिलमध्ये थोडा वेळ निळसर दिसतं, टाडालाफिलमध्ये कंबर दुखते. एका डोळ्याची नजर अचानक गेली किंवा ऐकू येणं एकदम बंद झालं तर गोळी थांबवून तातडीने रुग्णालयात जायचं. एक-दोन पेगच्या पुढे दारू असेल तर आम्हाला गोळीच्या दर्जाबद्दल विचारू नका.

अपेक्षाही माफक ठेवा. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 268 मधुमेही पुरुषांपैकी सिल्डेनाफिल घेणाऱ्यांत 56 टक्क्यांना सुधारणा जाणवली, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 10 टक्क्यांना. मधुमेह नसलेल्यांत आकडा याहून चांगला येतो. कारण उघड आहे: गोळी आहे तो वायू टिकवते, नसलेला कुठून आणणार?

प्रश्न: बीपीच्या गोळीने असं होतं का? आणि कोलेस्टेरॉलच्या? (विलेपार्ले)

उत्तर: क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि अ‍ॅटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर यांनी होऊ शकतं. टेल्मिसार्टन गटाने सहसा होत नाही. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत तक्रार सुरू झाली असेल तर डॉक्टरांना ती तारीख सांगा, बदल शक्य असतो. बीटा ब्लॉकर मनाने एकदम बंद करू नका, हृदय उसळतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनला विनाकारण बदनाम केलं जातं, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्याचा झाला तर फायदाच होतो.

प्रश्न: वय 43. दोन महिन्यांपासून पुढच्या कातडीला चिरा पडतात, खाज, पांढरा थर, मागे ओढताना आग. त्या भीतीने ताठरताच जाते. केमिस्टकडून मलम आणलं, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. शुगरची नवी गोळी सुरू होऊन तीन महिने झाले. (कुर्ला)

उत्तर: हे पत्र आम्हाला सर्वांत आवडलं, कारण उत्तर त्यातच आहे. नवी गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असणार. चिठ्ठी काढून बघा. ही औषधं रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, दिवसाला 60-70 ग्रॅमपर्यंत. लघवीचा शेवटचा थेंब कातडीखाली राहतो, तो गोड असतो, मुंबईची हवा दमट, आणि वर घट्ट जीन्स. बुरशीला याहून काय हवं?

प्रत्येक वेळी लघवी झाल्यावर कातडी जमेल तेवढी हलक्या हाताने मागे घ्या, साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा आणि कातडी पुन्हा पुढे आणा. मागे ठेवून दिली तर सूज येऊन अडकते, मग मध्यरात्री कॅज्युअल्टी गाठावी लागते. ऑफिसात पाण्याची सोय नसेल तर निदान टिश्यूने टिपा. साबण, डेटॉल, खोबरेल काही नको. क्लोट्रिमॅझोलचं 1 टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा, चिरा दिसेनाशा झाल्या तरी पूर्ण दोन आठवडे. तुमचं चार दिवसांचं मलम बहुधा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध यांची खिचडी असावं. स्टेरॉइड खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. पत्नीलाही खाज किंवा पांढरं जाणं असेल तर तिचेही उपचार बरोबरीने, नाहीतर देवाणघेवाण चालूच राहते.

शुगरची गोळी मात्र परस्पर थांबवू नका. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती फार कामाची आहे. त्रास पुन्हा पुन्हा झाला तर बदलायची का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. चिरा भरताना कातडी आखडत जाते. मागे जाणंच बंद झालं तर सुंता करावी लागते, तीही शुगर खाली आणून. जननेंद्रियाच्या किंवा गुदद्वाराजवळच्या भागात सूज, लाली, तीव्र दुखणं आणि ताप असं काही दिसलं तर मलम लावत बसू नका. तो जंतुसंसर्ग विरळा असला तरी तासातासाने पसरतो. त्याच दिवशी मोठं रुग्णालय.

ताठरतेचं म्हणाल तर चिरा भरल्यावर ती बहुधा आपोआप परत येईल. दुखणार हे माहीत असताना शरीर साथ देत नाही, यात नसेचा दोष नाही.

प्रश्न: वय 33, लहानपणापासून इन्सुलिनवर. ताठरता ठीक आहे, समाधानही होतं, पण वीर्य येतच नाही. आम्हाला मूल हवं आहे. (गोरेगाव)

उत्तर: वीर्य बनतं, पण उलट्या दिशेने मूत्राशयात जातं. त्या क्षणी मूत्राशयाचं तोंड मिटवणारे मज्जातंतू मंदावलेले असतात. संबंधानंतरची पहिली लघवी गढूळ दिसते का ते बघा. खात्रीसाठी तीच लघवी लॅबमध्ये द्यायची, त्यात शुक्राणू दिसले की निदान झालं. तब्येतीला अपाय नाही, अशक्तपणाही नाही. टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेच कारण असू शकतं. काहींना औषधाने दिशा सुधारते. नाहीच तर लघवीची आम्लता औषधाने कमी करून त्यातून शुक्राणू वेगळे काढतात आणि गर्भधारणेसाठी वापरतात. वंध्यत्वतज्ज्ञाकडे जाताना पत्नीच्या तपासण्याही त्याच वेळी सुरू करा.

प्रश्न: लोकलच्या डब्यात स्टिकर असतात तसल्या एका ठिकाणाहून आयुर्वेदिक कॅप्सूल आणल्या. खरंच गुण आला! चालू ठेवू का? (वडाळा)

उत्तर: गुण अर्ध्या-एक तासात आला ना? मग कॅप्सूल फोडून आत काय असेल याचा अंदाज करा. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं निरनिराळ्या देशांत वारंवार सापडलं आहे, मात्रेचा काही धरबंध नसतो. पाकिटात सॉर्बिट्रेट असलेल्या माणसाने ती घेतली तर काय होईल ते वर मुलुंडच्या पत्रात लिहिलं आहे. तेच औषध चिठ्ठीवर घ्या. निदान किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते कळेल, आणि पडेलही स्वस्त.

प्रश्न: वय 63, डायबिटीस वीस वर्षं, तंबाखू-चुना चाळीस वर्षं. शिवाजी पार्कला रोज चालतो. दुसऱ्या फेरीत पोटऱ्या आणि ढुंगण भरून येतं, कट्ट्यावर दोन-तीन मिनिटं टेकलो की थांबतं. दोन्ही गोळ्या, पूर्ण मात्रेत, सांगितल्याप्रमाणे घेऊन झाल्या. आता पुढे काय? (दादर)

उत्तर: तुम्ही दोन प्रश्न विचारल्यासारखं लिहिलं आहे, पण तो एकच असावा. चालताना भरून येणं आणि थांबलं की जाणं, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं लक्षण. ढुंगणातही भरून येतं म्हणजे अडथळा वर, ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत असण्याचा संभव आहे, आणि लिंगाकडे जाणारी फांदी तिथूनच फुटते. जांघेतली, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी डॉक्टरांना तपासू द्या. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. 0.9 च्या खाली आलं तर अडथळा आहे. तुमच्या बाबतीत ते 1.4 च्या वरही येऊ शकतं, आणि मग कोणीतरी 'उत्तम आहे' म्हणून घरी पाठवतं. ते उत्तम नसतं. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, पट्ट्याने ती दाबलीच जात नाही, म्हणून आकडा फुगतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत केसपेपर काढून हे तपासता येतं.

तंबाखू आजपासून बंद. चघळला काय आणि ओढला काय, निकोटिन धमन्या आवळतंच. मशेरीही त्यातच आली. आणि चालणं सोडू नका, उलट आता शिस्तीने चाला: पाय चांगलाच भरून येईपर्यंत चालायचं, कट्ट्यावर टेकायचं, दुखणं गेलं की पुन्हा. असं 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, बारा आठवडे. मात्र हे सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्या. पायाला जखम असेल किंवा रात्री झोपेतही पाय दुखत असेल तर चालण्याचा सराव नाही, थेट रक्तवाहिन्यांचे सर्जन.

गोळ्या संपल्या म्हणजे उपाय संपले असं नाही. व्हॅक्यूम पंपात औषध नसतं. नळीतली हवा ओढून रक्त आत आणायचं आणि मुळाशी रबरी कडं चढवायचं. कडं 30 मिनिटांत काढायचंच. पावलं बधिर असलेल्यांना इथलंही कमी कळतं, म्हणून गजर लावा. लिंग थंड आणि थोडं निळसर वाटतं, ते पत्नीला आधी सांगून ठेवलेलं बरं. काहीच लागू पडलं नाही तर आत कायमचा रॉड बसवण्याची शस्त्रक्रिया असते. एकदा ती केली की मूळचा स्पंज परत मिळत नाही, आणि शुगर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाने रॉड काढावा लागू शकतो.

या दोन्हींच्या मधे आहे लिंगात घ्यायचं इंजेक्शन. ऐकून अंगावर काटा येतो, पण रोज पोटात इन्सुलिन टोचणाऱ्याला ते आठ दिवसांत जमतं. सुई तीच, इन्सुलिनच्या सिरिंजची. औषध थेट स्पंजात जातं, म्हणून बिघडलेल्या तंतूंची वाट बघावी लागत नाही आणि पाच ते वीस मिनिटांत परिणाम दिसतो. पहिली मात्रा दवाखान्यातच, कमीत कमी. टोचायचं बाजूने, वरच्या बाजूला शिरा आणि तंतू, खालच्या बाजूला मूत्रनलिका, त्या दोन्ही जागा टाळायच्या. एकदा उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे, म्हणजे एकाच जागी गाठ धरत नाही. सुई काढल्यावर पाच मिनिटं दाबून धरायचं, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दहा. दोन वेळांत 24 तासांचं अंतर, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही. आणि औषधाचं नाव, मात्रा, टोचल्याची वेळ एका कागदावर लिहून उशाशी ठेवायची. ताठरता चार तासांपर्यंत उतरली नाही तर सकाळ होण्याची वाट न बघता तो कागद घेऊन कॅज्युअल्टीत जायचं. तिथे साचलेलं रक्त सुईने काढतात. उशीर झाला तर आतला स्पंज कायमचा मरतो.